नाव घे वं

दातांच्या डॉक्टर भैरवी यांनी नवी कवळी पुष्पलताच्या तोंडात बसवली आणि अंगठ्याने दाबून धरली.

"आता बोला काहीतरी. 'श', 'ष' येईल असं."

पुष्पलताने ओठ मिटून घेतले. वाडीहून इथे, शहराच्या दुसऱ्या टोकाला हुडकेश्वरला ती दोन ऑटो बदलून आली होती. घराजवळच्या दोन दवाखान्यांत खरं सांगून झालं होतं. एकाचं मशीन त्याच क्षणी बिघडलं. दुसऱ्याने सगळ्यांच्या शेवटी यायला सांगितलं आणि ती पोचली तेव्हा शटर ओढलेलं होतं. म्हणून इथल्या फॉर्मवर 'इतर आजार' हा रकाना तिने कोराच ठेवला. नणंदेची तशी ताकीदच होती. वर्षभर भात मऊ कालवून गिळणाऱ्या बाईला दात हवे होते, एवढंच.

"नाव घे वं माह्या भावाचं," बाकावरून शोभाताई म्हणाल्या. हीच ती नणंद. "त्यात 'ष' आहे."

मांडवात उखाण्यात घेतलं, त्यानंतर ते नाव पुष्पलताने कधी उच्चारलं नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली तरी नाही.

"कृष्णकांत."

'ष'ला दातांतून शिट्टी वाजली. डॉक्टरांनी कवळी काढून जरा घासली आणि परत बसवली.

"कृष्णकांत."

या वेळी इतकं स्वच्छ आलं की ती स्वतःच दचकली.

"छान. हा रकाना कोरा दिसतोय," डॉक्टर म्हणाल्या. "कवळीने तोंडात जखम होऊ शकते. काही आजार असेल तर मला माहीत हवा."

"काही नाही जी," शोभाताईंनी लगेच सांगितलं. "भाऊ पीलियानं गेला, तवापासून हिचं खाणंच तुटलं."

नऊ वर्षांत हे काविळीचं वाक्य त्यांच्या तोंडात चांगलंच बसलं होतं.

"एचआयव्हीनं गेले," पुष्पलता म्हणाली. "मलेही आहे. गोळ्या सुरू आहेत."

आणि तिने तोंडावर तळहात घट्ट दाबला. आता कवळी काढून घेतील, अशी तिला खरोखरच भीती वाटली.

डॉक्टरांनी रकाना भरला.

"गोळ्यांचे कागद घेऊन बुधवारी या. कुठे टोचतंय का बघू."

"शेवटी येऊ?" पुष्पलताने हाताआडून विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. शोभाताई भिंतीकडे पाहत होत्या. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"काहून शेवटी?" त्या म्हणाल्या. "पयला नंबर लिवा, म्याडम. मीबी येतो संग."