तीन दोऱ्या आणि पाताळातला नाग

मांत्रिक की सब्दोने घंटा वाजवली, मंत्र पुटपुटला, आणि खरोखरच जमीन हादरली. परातीतल्या पाण्यावर वलयं उठली, त्यावर तरंगणारी जाईची फुलं थरथरली आणि अख्खं वातुगेडे गाव गुडघ्यांवर आलं. ज्या जागेवर ते टेकलं होतं, तिथे आधी माझ्या आईचं घर होतं.

भूकंप झाला तेव्हा मी बांडुंग शहरात होते. भूकंपाच्या नोंदी वाचणं हीच माझी नोकरी. आमच्या गावातली अर्धी घरं कोसळली. गावातल्याच पाक मुजारीची (आमच्याकडे पुरुषाला मानाने ‘पाक’ म्हणतात, बाईला ‘बू’) दोन्ही लेकरं भिंतीखाली गेली. दुःखाने वेड्या झालेल्या गावाला कारण हवं होतं आणि की सब्दोकडे ते तयार होतं. हा ताईत विकणारा मांत्रिक, नावाआधीचं ‘की’ ही त्याची मानाची पदवी. माझी आई, बू पाइनेम, पाठीवर टोपली बांधून दारोदार काढे विकायची आणि गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायची की ताप उतरला नाही तर दवाखाना गाठा, ताईत ताप मोजत नाही. तो राग त्याच्या पोटात होताच. त्याने जाहीर केलं की पाताळातला नाग अंताबोगा या बाईच्या चुलीखाली येऊन बसलाय, हिनेच त्याला काढे पाजून जागं केलंय. मग तिच्या अंगणात घंटा वाजवून त्याने जमीन हादरवून दाखवली. आईला केस धरून बाहेर ओढणारा पहिला हात पाक मुजारीचा होता. घर पाडून होईपर्यंत तिला नारळाच्या झाडाला बांधून ठेवलं होतं. मग त्याच मोकळ्या जागेवर त्याने नागाची पूजा सुरू केली.

मावशीच्या घरी मी तिला पाहिलं. मनगटावर काथ्याचे वळ होते आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी रजा टाकली. तिची सेवा मावशी करणार होती. मला त्या माणसाचं तोंड सगळ्या गावासमोर काळं करायचं होतं.

आधी मी सरळ मार्गाने गेले. सरपंच पाक दार्सोनो यांच्या ओसरीवर नकाशा पसरला. भूकंपातून दोन लाटा निघतात, एक वेगाने धावते, दुसरी तिच्यामागून सावकाश येते, असं सांगितलं. जितकं दूर जाल तितका दोघींमधला वेळ वाढतो. त्या वेळावरून भूकंप आपल्यापासून किती लांब झाला ते कळतं, दिशा कळत नाही, म्हणून नोंद केंद्राभोवती एक वर्तुळ काढायचं. तीन केंद्रांची तीन वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात, तिथे भूकंपाचं मूळ. आमची तिन्ही वर्तुळं दक्षिणेला भर समुद्रात भेटत होती. सरपंचांनी चहा मागवला आणि म्हणाले, कागदावर काय, काहीही काढता येतं. जमीन हललेली मात्र आम्ही पायांनी अनुभवलीय.

मग मी की सब्दोकडे गेले, खाली मान घालून. म्हटलं, नागाची नोंद माझ्या यंत्रांवर घ्यायची आहे, आपलं नाव राजधानीपर्यंत जाईल. तो फुलला. "घे पोरी, घे. पण यंत्रं जळली तर माझ्याकडे भरपाई मागू नकोस. अंताबोगाचा श्वास विजेहून गरम असतो." मी त्याचा हात कपाळाला लावला. आतून मी त्याचे दिवस मोजत होते.

पुढच्या पूजेआधी मी अंगणाच्या तीन बाजूंना तीन यंत्रं पुरली. एका ठिकाणी जमिनीवर घण मारून, या मातीतून दोन्ही लाटा किती वेगाने जातात ते मोजून घेतलं. मोठ्या भूकंपात लाटांमधलं अंतर सेकंदांत असतं, इथे सेकंदाच्या बारीक तुकड्यांत. हिशेब तोच.

घंटा वाजली. नाग हलला. हा नाग नेहमी घंटा ऐकूनच का उठतो, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मी पडद्यावरचे आकडे वाचले आणि तीन दोऱ्या कापल्या, प्रत्येक यंत्रापासून धक्का जितक्या अंतरावर होता तितकी एकेक. त्या धरायला माणसं मी निवडली: आईला बांधणारे दोघे आणि पाक मुजारी. म्हटलं, दोरीचं एक टोक यंत्राशी बांधलंय, दुसरं ताणून चाला आणि तिन्ही टोकं कुठे एकत्र येतात ते तुम्हीच शोधा.

ते चालू लागले. माझ्या आईच्या चुलीच्या जागेवरून दोऱ्या सरळ पुढे गेल्या. की सब्दो ओरडला की पूजेचं मंडल मोडलं, आता गाव बुडणार. कुणी थांबलं नाही. तिन्ही टोकं बांबूच्या कुंपणाला अडली, म्हणून त्यांनी कुंपण वाकवलं, आणि पलीकडे की सब्दोच्याच भाताच्या कोठाराच्या भिंतीशी तिन्ही मुठी एकमेकींना लागल्या.

पाक मुजारीने दार ढकललं. आत छताला कप्पी, कप्पीला सागाचा ओंडका, खाली खड्डा. कप्पीचा दोर हातात धरून की सब्दोचा मेव्हणा घामाघूम उभा होता. घंटेची खूण मिळाली की ओंडका सोडायचा. भुसभुशीत ओली जमीन, धक्का शेजारच्या अंगणात आरामात पोचायचा.

मी की सब्दोला म्हटलं, "आता बोलवा तुमच्या नागाला." त्याने मेव्हण्याकडे बोट दाखवलं. ते मी पोटभर पाहिलं.

मग लोकांनी पहारी उचलल्या आणि त्याच्या घराकडे वळले. खरं सांगते, मला ते पाहावंसं वाटत होतं. चार पावलं मी त्यांना जाऊ दिलं. मग वाटेत आडवी आले.

"त्याने सांगितलं म्हणून आईचं घर पाडलंत. आता मी सांगितलं म्हणून त्याचं पाडणार? तुमचं डोकं पुन्हा दुसऱ्याच्याच हातात. आज दोरी तुम्ही धरलीत म्हणून खरं कळलं. याला पोलिसांत द्या. त्यांना सांगताना हेही सांगा की बांधून कुणी ठेवलं आणि ओढून कुणी काढलं. आणि घर बांधून द्या."

पाक मुजारी दोरीचं टोक धरूनच उभा होता. त्याने हळू आवाजात विचारलं, "मग माझी लेकरं कुणामुळे गेली?"

या माणसाला छळायचे किती तरी मार्ग मी रस्ताभर ठरवत आले होते. एकही वापरावा लागला नाही.

"समुद्राखालचा खडक तुटला," मी म्हटलं. "त्याचा कुणावर राग नव्हता. भिंत पडली कारण तिच्यात सळ्या नव्हत्या. ते बघायचं सोडून तुम्ही एका म्हातारीचे केस धरलेत."

त्याने दोरीचं टोक खाली ठेवलं. मी त्याला माफ केलं नाही, आजही केलेलं नाही. आईचं घर उभं राहिलं, त्याच्या भिंतीत सळ्या बांधायला तो रोज येत होता. आई त्या घरात राहायला आली नाही.

वाचकहो, जमीन पुन्हा हादरेल. तेव्हा कुणी बोट दाखवून सांगेल की हीच ती पापीण. त्याच्या बोटाकडे पाहू नका. धक्का कुठून आला ते तीन बाजूंनी मोजा, आणि मोजून होईपर्यंत कुणावर हात उचलू नका.