यंत्रबाबांचे दोन खटके

रक्तपेढीच्या संगणकासमोर सातजण डोळे मिटून उभे होते. पडद्यावर लाल चौकट झळकत होती आणि तिच्यापुढे यंत्रबाबा बसले होते. नोकरीने ते साधे ऑपरेटर. बाबा त्यांना या सातजणांनीच केलं होतं.

"चौकट वाचू नका. वाचली की यंत्र बिथरतं," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ते फक्त माझ्याशी बोलतं. श्वास रोखा!"

श्वास रोखले गेले. खट, खट. मग प्रिंटरची घरघर. कोणत्या रुग्णाला कोणत्या पिशवीतलं रक्त चालेल, त्याची यादी बाहेर आली.

"हात लागला की झालंच!" शिपाई पुटपुटला.

दीड महिन्यापूर्वी नवा प्रोग्राम बसवला, तेव्हापासून यादी अशीच निघत होती. पण नव्या तंत्रज्ञ मुलीला एक गोष्ट सलत होती. सगळं मोजते म्हणून तिला 'मोजपट्टी' म्हणत. खटके दरवेळी बरोब्बर दोनच कसे? रुसलेल्याची समजूत काढायला कधी कमी, कधी जास्त वेळ नको का लागायला?

गुरुवारी दुपारी तीनला चौकट पुन्हा आली. बाबा रजेवर, फोन बंद. दारात रुग्णवाहिकेचा चालक धापा टाकत उभा.

"माझी ताई ऑपरेशनच्या टेबलावर आहे. यादीशिवाय रक्त लावणार नाहीत म्हणे. यादी कुठंय?"

"बाबांशिवाय हात लावायचा नाही," शिपाई आडवा आला. "यंत्र बंद पडलं तर?"

"आत्ता काय चालू आहे? सरका," मोजपट्टी म्हणाली.

ती संगणकासमोर बसली. तिने चौकट मोठ्याने वाचली : 'शिफ्ट या पॅरामीटरला मूल्य दिलेलं नाही.'

"म्हणजे काय हो?" चालकाचा आवाज चिरकला.

"प्रोग्राम यादी काढण्याआधी चार गोष्टी विचारतो. आपण तीनच भरतोय. विभाग, तारीख, रक्तगट. चौथी मिळेना, म्हणून तो अडलाय."

"अहो, पण रकाने तीनच आहेत!" शिपाई म्हणाला.

तिने पडद्यावरच्या खिडकीची खालची कड माउसने धरून ओढली. खाली चौथा रकाना होता, रिकामा. कुणीतरी खिडकी नेमकी त्याच्या वरपर्यंत आखडून ठेवली होती.

सकाळची शिफ्ट एक, दुपारची दोन. तिने २ दाबला, मग एन्टर. खट, खट.

प्रिंटर घरघरला.

चालकाने कागदाकडे झेप घेतली, पण तिने तो सोडला नाही. ताईंच्या रक्ताच्या नमुन्याच्या नळीवरचा क्रमांक, यादीतला क्रमांक, पिशवीवरचा क्रमांक. एकदा. पुन्हा एकदा.

"लवकर हो!"

"चुकीची पिशवी गेली तर ताईंचं काय होईल, माहीत आहे ना?"

क्रमांक जुळले. पिशवी आणि यादी घेऊन तो धावत सुटला.

दुसऱ्या दिवशी बाबा गरजले, "माझ्यामागे हात लावलात? यंत्राचा कोप होईल!"

"होऊ दे. आज डोळे उघडे ठेवूनच करू," म्हणत मोजपट्टीने सर्वांदेखत खिडकी खाली ओढली.

बाबांचा आवाज एकदम मऊ झाला. "मी शिकवणारच होतो..."

"कधी?" दारातून चालकाने विचारलं. "ताई शुद्धीवर आली, म्हणून नुसतं विचारतोय."

शिपाई खाली मान घालून म्हणाला, "वाचता तर मलाही येत होतं."

खरं तेच होतं. दीड महिना उत्तर लाल अक्षरांत सगळ्यांसमोर होतं. ते वाचायचं नाही ही अट सातही जणांनी निमूट पाळली, म्हणून चमत्कार घडत राहिला. तुम्हाला कुणी डोळे मिटायला सांगितले, तर आधी त्याच्या बोटांकडे पाहा.