पाचवी चौकट खाली ठेवा

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. चित्रकथेतली. जुनी म्हणजे तीन वर्षांची, पण माझ्या पोटात एका सुटलेल्या दाव्याशिवाय काहीच नसल्यामुळे वय दिसून येत नाही.

माझा जन्म हुमनाबादचा. मला शैलश्रीनं आखलं. मुलांच्या एका मासिकासाठी ती दर महिन्याला एक पान काढते. त्या पानावर आम्ही सहा बहिणी होतो. गोष्ट साधी होती. गुरुबाई आपली म्हैस आळंदच्या बाजारात विकते आणि सहाव्या चौकटीत म्हैस आपणहून घरी परत येते. पहिल्या चौघींचा थाट काय सांगू! कडब्याच्या पेंढ्या, पाण्याची घागर, खांबावर कावळा आणि मधे ऐसपैस म्हैस. पाचवी मी. म्हैस विकल्यानंतरचा गोठा. माझ्यात कडबा नाही, खांब नाही, कावळासुद्धा नाही. तळाशी दावं, बाकी कोरा कागद.

शैलश्रीचे अप्पा, चन्नबसप्पा, हायवेवर लॉऱ्या रंगवतात. तीस वर्षांत त्यांनी तळहाताएवढी जागा कोरी सोडलेली नाही. डिझेलच्या टाकीवर कमळ, मागच्या फळीवर मोर, आणि मोराच्या दोन पायांमध्ये जागा उरली म्हणून तिथं गुलाब. मला पाहून त्यांना घाम फुटला.

"शैला, ही कामून कोरी सोडलीस?"

"सोडली न्हाई अप्पा, मुद्दाम ठेवली."

"लॉरीवाल्याला अशी दिली तर म्हणंल, पेंटर जेवायला गेला अन् आलाच न्हाई."

"वाचणारा हितं थांबतोय अप्पा. म्हैस गेलेली त्याला दिसायला पाहिजे."

"काहीच न्हाई त्यात काय दिसतंय? सरक, केळीचं झाड काढतो."

त्यांनी ब्रश खरोखरच हिरव्या रंगात बुडवला. माझ्या चारही रेघा थरथरल्या. शैलश्रीनं पान ओढून घेतलं, आणि तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी बोलेनासे झाले. तीन दिवस भाकरीसुद्धा मुक्यानं वाढली गेली.

पान छापखान्यात गेलं. तिथं पानं जुळवणाऱ्या संगमेशला शैलश्रीनं निरोप लिहिला, 'पाचवी चौकट खाली ठेवा.' आता आमच्या भागात खाली म्हणजे रिकामं. खाली डबा, खाली बस, खाली डोकं. पण संगमेश दोन वर्षं पुण्यात राहून आला होता. तिथं खाली म्हणजे तळाला. त्यानं मला उचललं आणि पानाच्या तळाला नेऊन ठेवलं, सहावीच्याही नंतर.

छपाईचा नमुना घरी आला तेव्हा शैलश्री मन्नाएखेळ्ळीच्या शाळेत चित्रं शिकवायला गेली होती. अप्पांनीच तो उघडला. म्हैस परत आलेली पाहून ते मिशीत हसले. मग त्यांची नजर माझ्यावर आली, आणि थांबली. त्यांनी कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं.

"आरं, परत गेली?" ते एकटेच म्हणाले.

रंगाचे हात न धुताच ते छापखान्यात पोहोचले.

"संगमेशा, म्हैस दुसऱ्यांदा कामून विकलीस?"

"मी? अण्णा, मी तर पानं जुळवायलोय."

"मग ही हितं कशी?"

"अक्कानंच लिवलंय, खाली ठेवा. ठेवली खाली."

"आरं खाली म्हंजे खाली! रिकामी!"

"असं व्हय? मी मराठीतलं खाली समजलो."

संगमेशनं मला पुन्हा पाचव्या जागी बसवलं. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तो म्हणाला, "अण्णा, रिकामीच ठेवायची तर बियाण्याची जाहिरात टाकू का? बराबर मापाची हाय."

मी डोळे मिटून घेतले. समोर लॉऱ्या रंगवणारा माणूस उभा होता. माझी बाजू घेणारं तिथं कोण होतं?

चन्नबसप्पांनी पडद्यावरच्या माझ्या दाव्यावर रंगाचं बोट ठेवलं. मग म्हणाले, "रिकामी न्हाई ती. तिथं म्हैस न्हाई."

संगमेशनं माऊसवरचा हात काढून घेतला. अप्पांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "शैला, तुझी चौकट वर नेली," एवढंच बोलले आणि लगेच विचारलं, "जेवलीस का?"

मित्रांनो, तुम्ही चित्रं जरूर काढा, हात माखेपर्यंत रंग वापरा. पण कुठं माझ्यासारखी एखादी कोरी जागा दिसली, तर लगेच पेन घेऊन धावू नका. आधी जरा थांबा आणि विचारा, इथून कोण गेलंय?