शिक्का मारलेलं बॉनेट

मैदानावर जुन्या गाड्यांची रांग होती आणि बघ्यांची तर झुंबड. सगळ्यांच्या माना एकाच गाडीच्या खिडकीत खुपसलेल्या होत्या. अप्पांच्या पन्नास वर्षांच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला होता. शीतलस्वामींच्या चेल्याने बॉनेट उघडलं, आत वाकून राख शिंपडली आणि बॉनेट लावलं. स्वामींनी त्यावर तळवा ठेवून डोळे मिटले.

"लोखंडालाही ताप येतो, बाळांनो. तापाला पाणी नको, माया हवी."

काटा झोपाळू माणसासारखा डुलत खाली आला आणि पार तळाला जाऊन बसला. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अप्पांची लेक शाळेत विज्ञान शिकवायची. तिने रेडिएटरच्या जाळीशी हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. दहा लिटर तापलेलं पाणी मिनिटभरात गार झालं, तर त्यातली उष्णता गेली कुठे, असं तिने विचारलं. आमच्या अंगात, असं स्वामी हसून म्हणाले. मग अंगाला घाम कसा नाही, हे ती विचारणार, तोच अप्पांनी तिचा दंड धरला.

चेल्याने बॉनेटच्या फटीवर लाल मेणाचा शिक्का मारला. एकवीस दिवस उघडायचं नाही, उघडलं तर ताप दुपटीने परततो. गंमत म्हणजे गार झालेल्या त्या बॉनेटवर मेण काही घट्ट होईना. चेला फुंकून फुंकून दमला. पण लोक काटा बघत होते, मेणाकडे कोण बघतो? अप्पांच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या आणखी सात गाड्यांना असेच शिक्के लागले.

अडतीस वर्षं सकाळच्या चहाआधी अप्पा बॉनेट उघडून पाणी बघत आले होते. कमी दिसलं की तांब्याभर ओतायचे. लेकीची आई गेल्यापासून मनातलं बोलायचे तेही त्या इंजिनाशीच. हे गेलं तर दुसरं मिळायचं नाही, असं मिस्त्रीने वर्षापूर्वीच बजावलं होतं. त्या धास्तीनेच ते स्वामींपर्यंत पोचले होते. आता सकाळी ते नुसता चहा घ्यायचे.

लेकीने त्यांना परोपरीने समजावलं. इंजिनाला ऐंशी-नव्वद अंशांची ऊब लागतेच, चालत्या गाडीचा काटा मधोमध हवा. तासभर चालूनही तो तळाला असेल, तर काटा बिघडलाय.

"तुला चांगलं झालेलं बघवत नाही का गं?" अप्पा म्हणाले.

शिक्का नखाने निघाला असता. दोनदा ती गाडीपाशी जाऊन उभी राहिली आणि दोनदा परतली. बापाचा विश्वास त्याच्या पाठीमागे कसा फोडायचा?

दुसऱ्या रविवारी क्लबाच्या गाड्या डोंगरावरच्या तळ्याकडे निघाल्या. अप्पांची गाडी सर्वांत पुढे. लेक शेजारी बसली, दुसरं तिच्या हातात होतं काय? निम्म्या चढावर जळक्या रबराचा उग्र वास आला. पायांशी भट्टीसारखी धग लागली.

"अप्पा, गाडी थांबवा. पाया पडते तुमच्या."

"काटा बघ," अप्पा शांतपणे म्हणाले.

काटा तळाला होता. पुढच्याच वळणावर बॉनेटच्या फटींतून वाफ फुटली, आत लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला आणि गाडी जागीच थबकली.

मागून मिस्त्री त्याच्या जीपमधून आला. तासभर निवू देऊन त्याने शिक्का तोडला. पाण्याच्या पाइपला नखाएवढी चीर होती आणि रेडिएटर ठणठणीत कोरडा.

"पाइप बदलायला अर्धा तास पुरला असता, अप्पा," मिस्त्री म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

चीर जुनीच होती. अप्पांच्या रोजच्या तांब्यानेच आजवर गाडी तारली होती.

लेकीला इंजिनाच्या अंगाला एक सुटी तार दिसली. टोकाला टेप गुंडाळलेली, राखेने माखलेली. तिने अप्पांना आत बसवून किल्ली फिरवायला सांगितली, टेप सोलली आणि तार गाडीच्या पत्र्याला टेकवली. काटा तळातून उठला आणि लाल पट्टीत शिरला. तार उचलली, काटा डुलत खाली आला. पाणी तापलं की या तारेतून जास्त वीज वाहते आणि काटा चढतो. तारच काढली तर वीज नाही, मग इंजिन जळेना का, काटा खालीच. एवढीच स्वामींची माया.

अप्पांनी तिला ते पुन्हा करायला लावलं. मग तिसऱ्यांदा. काटा त्यांच्यापुढे मुकाट चढला, उतरला.

चढाआधी चहाला थांबून मागे राहिलेल्या गाड्यांचे आवाज खालून आले. अप्पा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले. पहिल्या गाडीतून क्लबाचे सेक्रेटरी ओरडले, तुम्हीच काहीतरी पाळलं नसेल. हॉर्न देत, वळसा घालून ते निघून गेले. दुसरीही गेली, तिसरीही. प्रत्येक बॉनेटवर लाल ठिपका.

चौथी थांबली. अप्पा खिडकीशी वाकले.

"माझं ऐकू नका, स्वामींचं ऐकू नका. बॉनेट उघडा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जे उघडून बघू देत नाहीत, त्यावर विश्वास ठेवू नका."

गाडीतला माणूस काट्याकडे बघत राहिला. लेक सुटी तार हातात धरून उभी होती.