कानामागची खूण

झुल्मा माद्रिदहून परत आली तेव्हा आम्ही दोघींनी आधी एकमेकींचे केस उचकून पाहिले. ती माझी मावसबहीण. सत्तरी ओलांडल्यावर एकाच वर्षी दोघींच्या डोक्यात गाठ निघाली, लहानपणी सगळं वाटून घ्यायचो तशी. तिला मुलाने माद्रिदला नेऊन प्रोटॉनचे किरण दिले. मी इथेच, अर्जेंटिनातल्या पारानात, नेहमीचे फोटॉनचे घेतले.

"तुझे दोन्हीकडून विरळ झालेत की गं!"

"माझा किरण एका कानाकडून शिरायचा नि दुसरीकडून बाहेर. शाळेत बाईंचं बोलणं जायचं तसा."

"माझा गाठीपाशीच थांबायचा. पण शिरताना कातडी भाजून गेला, बघ." तिच्या उजव्या कानामागे नाण्याएवढं टक्कल राहिलं होतं.

थकवा दोघींनाही सारखाच आला होता. माते, आमचा रोजचा कडू पाल्याचा चहा, दोघींनाही महिनाभर गवताच्या पाण्यासारखा लागला होता. धास्ती मात्र मला एकटीलाच होती. माझा किरण थोडा चांगल्या मेंदूलाही लागतो, पुढे कदाचित विसरायला होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातच दोन वर्षांपूर्वी, गाठ कळण्याच्याही आधी, पत्ते खेळताना डाव कुणाचा हेच मी विसरले होते. तेव्हापासून धाकटा भाऊ आन्सेल्मो रविवारी मला ट्रुकोच्या पत्त्यांना बसवत नव्हता. मी नुसती माते भरून द्यायची.

"या रविवारी ती माझी जोडीदार," झुल्माने सांगून टाकलं.

"दोन भाजलेल्या कवट्या एका बाजूला!" आन्सेल्मो हसला. "ताई, एक्का ओळखशील ना?"

"तुझे लंगोट मी बदललेत, तेही आठवतंय."

त्याची बायको आणि खेळातली जोडीदार निदिया हसत गुणांसाठी घेवड्याचे दाणे मांडू लागली.

ट्रुकोत जोडीदाराला पत्ते तोंडाने सांगायचे नसतात. भुवई उडवून, ओठ चावून खुणा करायच्या. पण त्या खुणा जगाला ठाऊक. म्हणून चौदाव्या वर्षी आजोबांच्या संत्र्यांच्या बागेत आम्ही आमची चोरटी खूण ठरवली होती: बोट कानामागे गेलं की तलवारीचा एक्का, म्हणजे सगळ्यात मोठं पान, हातात आहे.

शेवटी दोन्ही बाजूंना जिंकायला तीनच दाणे हवे होते. माझ्या हातात चव्वी, पंजी, छक्की. नुसता कचरा. वर पाहिलं, तर झुल्माचं बोट कानामागे! संत्र्याच्या सालींचा वास, तिचे मातीने माखलेले गुडघे, सगळं लख्ख समोर आलं.

"ट्रुको!" मी म्हटलं. तसं म्हटलं की डाव दोन दाण्यांचा होतो.

"मला घाबरवतेस? वाढवतो, तीन!"

"चार."

आन्सेल्मोने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि पत्ते टाकले. "नको बाई." डाव सोडला की आधी बोललेले तीन दाणे समोरच्यांचे, म्हणजे आम्ही जिंकलो.

मी झुल्माचे पत्ते उलटले. दोन चव्व्या आणि एक पंजी.

"अगं, मग ती खूण?"

"कसली खूण? त्या टकलाला खाज सुटली होती!"

ती साफ विसरली होती. मी नाही.

निदिया डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आन्सेल्मोने माझ्यापुढची किटली आपल्याकडे ओढली. "माते आता मी भरतो," तो म्हणाला. "तू वाट पत्ते, ताई."