राजनच्या मानेची दोन मापं

दोन हजार नऊच्या सुरुवातीला बर दुबईतल्या त्या बांधकाम कंपनीत दोनच गोष्टी तेजीत होत्या : अफवा आणि मानदुखी. मंदीत क्रेन थांबल्या होत्या, प्रोजेक्ट खलास झाले होते, नोकऱ्या जात होत्या. तरी माणसं कॉम्प्युटरसमोर पूर्वीपेक्षा जास्त वाकून बसत. न जाणो, साहेब मागून गेला तर!

त्यांत राजनची मान खरोखर दुखायची. इतकी, की गाडी रिव्हर्स घेताना मागे बघायचं काम बायकोकडे, अनुपमाकडे असे.

कंपनीने सुनेत्रा नावाची फिजिओथेरपिस्ट बोलावली. तिच्याकडे टोकाला रबरी चकती असलेलं यंत्र होतं. चकती मानेवर हळूहळू दाबत न्यायची. दुखायला लागलं की पेशंटने हातातलं बटण दाबायचं. तिने सगळ्यांना समजावलं, "किती सोसता ते मला बघायचं नाही. दुखायला लागलं, त्या क्षणी बटण. आज एकदा, गुरुवारी पुन्हा, त्याच जागी. उपचाराच्या जागा थोड्या आहेत. ज्यांचे दोन्ही आकडे जुळतील, त्यांना आधी घेईन. आकडे कंपनीला कळणार नाहीत."

इतकं सरळ बोलणं खरं कसं असेल? राजन खरं काय ते विचारायला चहाच्या मशीनपाशी गेला. तिथे अकाउंट्सचा सुजीत होता.

"येडा आहेस का? ज्याची मान दुखते, त्याचं मुंबईचं तिकीट पहिलं!"

तपासणीच्या खुर्चीत राजनने दात आवळले. चकती रुतत गेली, तरी बटण गप्प.

"राजन, डोळ्यांतून पाणी येतंय तुमच्या."

"एसीमुळे."

आकडा पैलवानाला शोभेल असा आला. घरी अनुपमा मानेला बाम चोळत म्हणाली, "शाब्बास! आता यंत्रालाच विचारा, गाडी मागे घेतं का." मुलगा वेदांग मान वर न करता म्हणाला, "बाबा, दॅट्स चीटिंग."

गुरुवारी सुजीतकडे ताजी बातमी होती. "उलटं आहे रे! ज्याची मान दुखते, त्याला ट्रीटमेंट संपेपर्यंत काढता येत नाही. यल्ला, पळ!"

राजनने बटण दाबलं.

"अजून मी चकती टेकवलेलीसुद्धा नाही," सुनेत्रा म्हणाली.

"तरीही दुखलं."

ती शांतपणे खुर्ची ओढून बसली. "हे यंत्र मी रोज सकाळी तपासते. ते बरोबर आहे. तुमच्या मानेऐवजी तुम्ही मला ऑफिसातलं वारं मोजून दिलंत."

"पुन्हा एकदा घ्या ना. खरंच दुखते हो."

"घेईन, इन्शाल्ला. पण या वेळच्या जागा भरल्या."

बाहेर येताना त्याने पडद्याआड पाहिलं. मानेला गरम शेक घेत सुजीत पालथा पडला होता.

"तू... बटण कधी दाबलंस?"

"दुखलं तेव्हा," सुजीत उशीतून म्हणाला. "दोन्ही वेळा. तिने सांगितलं नव्हतं का? आणि पडदा ओढ रे, गार वारा लागतो."

पुढच्या महिन्यात कंपनीने अख्खा मजलाच बंद केला. कुणाची मान कुणी पाहिली नाही. परतीच्या विमानात सुजीत राजनच्या मागच्या सीटवर होता. त्याने हाक मारली, तेव्हा राजनला कमरेपासून अख्खं वळावं लागलं.

"अजून दुखते का रे?"

राजनने आधी हवाईसुंदरीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "काय सांगितलेलं बरं?"