बऱ्या गुडघ्यावर बांधलेली पट्टी

मी एक पट्टी बोलतेय. चार हात लांब, वीतभर रुंद, जाड्याभरड्या सुताची. आधीच सांगून ठेवते, मी स्वभावानं भित्री आहे. जवळ कुणी जोरात शिंकलं तरी माझे धागे आवळतात. अशा भित्रीच्या वाट्याला काय यावं, तर फुटबॉल खेळणाऱ्या माणसाचा गुडघा. देवाला दुसरं काही सुचलं नसेल.

माझा धनी खुशाल मेंढे, गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीचा. घरी धानाची थोडी शेती, पण जीव सगळा चेंडूत. गोंदियात छोटेलाल सेठची राइस मिल होती आणि सेठला टीम पाळायचा भारी शौक. टीममधल्या पोरांना मिलमधून पगार मिळायचा आणि काम एकच, खेळायचं. खुशाल त्या टीमचा सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध उभा राहणारा गडी. मागच्यांनी अडवलेला चेंडू त्यानं घ्यायचा आणि पुढच्यांच्या पायात नेऊन द्यायचा. सगळी धक्काबुक्की त्याच्याच अंगावरून जायची. तेव्हा पोरं अनवाणीच खेळत.

१९४९च्या पावसाळ्यात खेळता खेळता त्याचा डावा पाय चिखलात रुतला. अंग वळलं, गुडघा मात्र जागीच राहिला. चौघांनी उचलून घरी आणला तेव्हा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. त्याची आई धुरपता, रडणं बिडणं तिला ठाऊक नव्हतं. तिनं जुनं लुगडं काढलं आणि त्याचा काठ उभा फाडून घेतला. तो काठ म्हणजे मी.

चिचगडच्या जंगलपट्टीत सुकराम नावाचा म्हातारा हाडं बसवायचा. दोन दिवस बैलगाडीत हिंदकळत आम्ही तिथं पोचलो. त्यानं हाडजोडीचा वेल कुटून लेप दिला आणि वरून मला करकचून आवळलं. खुशालनं खाटेची दोरी मुठीत धरली. निघताना म्हातारा म्हणाला, "जुडून जाईन पाय. पन डबल मोडला तं माह्याकडं आनू नोको. मंग माह्या हातात काही नाई राहत."

खुशालनं मान हलवली. ते शब्द त्याच्या कानात किती वेळ राहिले मला माहीत नाही, माझ्या सुतात मात्र जन्मभर बसले.

सहा महिन्यांनी तो पुन्हा मैदानात उतरला. टाळ्या पडल्या. पहिल्याच वळणाला गुडघ्याच्या आत बारीकसा 'कट्' आवाज झाला. बाहेर कुणाला ऐकू आला नाही. मी तर त्याच्या अंगालाच चिकटलेली, मला कसा चुकेल? त्यानंतर प्रत्येक सामन्यात मी त्या आवाजाची वाट पाहत बसायची, आणि तो यायचाच.

खुशाललाही तो कळायचा. सामन्याआधी तो मला बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. सोबती हसायचे, म्हणायचे, नवरदेवाचा फेटा तरी लवकर बांधून होतो. तोही हसायचा. माणसांची ही मोठी गंमत आहे. भीती वाटते असं कुणी म्हणत नाही. ती पाणी मागतात, गाठ पुन्हा आवळतात, वाऱ्याला नावं ठेवतात.

मग बूट आले. १९५३च्या सुमारास मोठ्या सामन्यांत बूट लागतातच असं झालं आणि सेठनं सगळ्यांना घेऊन दिले. बुटाच्या तळाला चामड्याचे खुंट ठोकलेले. अनवाणी पाय लागला तर दुखायचं, बूट लागला तर मोडायचं, एवढाच काय तो फरक. त्याच वर्षी एका सामन्यात असा एक बूट खुशालच्या डाव्या गुडघ्यावर, म्हणजे माझ्यावरच, येऊन बसला. माझे सात धागे तुटले. आतलं किती तुटलं ते नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं.

डॉक्टरनं सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं आणि म्हणाला, पुन्हा मार बसला तर हा गुडघा दुमडणार नाही, काठीसारखा सरळ राहील. खुशालची बायको रुख्मा दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "मंग बांधीत कसे उतरतीन हे?"

बांधी म्हणजे आमच्याकडचा धानाचा वाफा, बांध घालून पाणी अडवलेला. रोवणीला, म्हणजे रोपं लावताना, दिवसभर त्यात वाकून राहावं लागतं. ज्याचा गुडघा दुमडत नाही त्याला ना रोवणी करता येते, ना पाटावर जेवायला बसता येतं. चेंडूची तर गोष्टच सोडा. खुशालनं चादर गुडघ्यावर ओढून घेतली, जणू झाकलं की झालं.

तरी तो परतला. वर्षभर मला बांधून बांधीच्या चिखलात पाय उचलत राहिला, रुतलेला पाय काढायचा, पुन्हा रोवायचा. मैदानात आला तेव्हा त्याचा खेळ बदललेला होता. आधी चेंडू घेऊन तीन जणांना चकवून जायचा. आता कुणी अंगावर यायच्या आतच चेंडू देऊन मोकळा व्हायचा. चेंडू पायाशी यायच्या आधीच मान वळवून बघून घ्यायचा की कोण कुठून येतंय. लोक म्हणाले, खुशालचा खेळ पिकला. कसला पिकला? भेदरला होता तो. पण खरं सांगते, त्या भेदरलेल्या खुशालइतका चांगला सेंटर हाफ सेठच्या टीमला कधी मिळाला नाही. दोन वर्षं त्याच्या पायातून टीम चालली.

आता ते सांगते जे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

१९५६ साली दिवाळीनंतर ढालीचा, म्हणजे जिंकणाऱ्याला ढाल मिळायची त्या स्पर्धेचा, शेवटचा सामना होता. समोर बाहेरगावची टीम आणि तिच्यात चुन्नीलाल. बैलासारख्या मानेचा गडी. त्याच्याबद्दल सगळीकडे बोललं जायचं की तो समोरच्याचा दुखरा पाय हेरतो आणि पहिल्या दहा मिनिटांत तिथं बूट घालतो. खुशाल दोन दिवस जेवला नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

सामन्याच्या सकाळी त्याचा मामा बकाराम आला. बकाराम मामा म्हणजे शंकरपटाचा माणूस. आमच्या झाडीपट्टीत बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात आणि पटाची जोडी लोक पोरांपेक्षा जास्त जपतात. बैलाचा एक पाय दुखरा असला तर पटवाले त्याच्या बऱ्या पायाला फडकं बांधतात. येणाऱ्या-जाणाऱ्याची वाईट नजर फडक्यावर पडते, दुखरा पाय नजरेतून सुटतो.

मामानं मला दांडीवरून काढलं. "उजव्या पायाले बांध," तो म्हणाला. "डावा उघडा सोड. पाहनाऱ्याले पट्टी दिसते, पाय नाई दिसत."

"अन् डाव्याले आधार?"

"आधार कायले पाहिजे? नजर चुकली का समदं चुकलं. माहा सर्जा बैल तीन पट मारून गेला असाच."

खुशालला ते पटलं. इतका घाबरलेला माणूस काय वाटेल ते पटवून घेतो. त्यानं मला उजव्या गुडघ्यावर बांधलं. मी त्या गुडघ्यावर कधी गेलेच नव्हते. धडधाकट, गार, गप्प गुडघा. त्यात 'कट्' नव्हतं. आणि मला कळत होतं की मामाच्या बैलाला नजर लागायची भीती होती, खुशालला बूट लागणार आहे. नजर पट्टीवर पडली तर पडून जाते. बूट पट्टीवर पडला तर आत पाय असतो. मी ओरडले असते, पण पट्टीला कुठलं तोंड?

सातव्या मिनिटाला चुन्नीलाल आला. मी त्याला दुरून येताना पाहिलं. चेंडू कधीच निघून गेला होता, त्याचे डोळे माझ्यावरच होते.

चांगला गुडघा कसा मोडतो ते मी एकदाच ऐकलं. पुन्हा ऐकायचं नाही.

महिन्याभरानं चुन्नीलाल मुर्रीला आला. हातात केळ्याचा घड. अंगणात उकिडवा बसला. खाटेवर खुशाल, पलीकडे सूप हातात घेऊन रुख्मा. चुन्नीलाल म्हणाला, "कसम से भाई, मले वाटलं हाच खराब पाय होय. चांगला मोडाचा नोयता."

"मीच तसा दाखवला होता," खुशाल म्हणाला.

रुख्मानं सूप खाली ठेवलं. "खराब पाय असता तं मोडला चालते काय, भाऊ?"

चुन्नीलाल केळी तिथंच ठेवून निघून गेला. ती गाईनं खाल्ली. रुख्मानं मला धुतलं, वाळवलं आणि पेटीच्या तळाशी टाकून दिलं. तिला माझं तोंड पाहायचं नव्हतं. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बूट त्याचा असेल, बोलावणं माझ्या अंगावर होतं.

पण उजवा गुडघा, मला वाटलं त्याहून चिवट निघाला. वाकडा जुळला, तरी जुळला. दोन वर्षांनी खुशालनं मला पेटीतून काढलं. रुख्मा म्हणाली, "दोन्ही गेले तं मी कोनाले सांभाळू, तुमाले का बांधीले?" तो म्हणाला, मी फक्त लहानसहान सामने खेळीन. आणि खेळलाही. त्या सामन्यांत तो मला कधी डाव्यावर बांधायचा, कधी उजव्यावर. आता दोन्हीकडून आवाज यायचा.

मग यंदा, १९६० साली, पुन्हा तीच ढाल, पुन्हा शेवटचा सामना आणि समोर तीच टीम. सेठनं निरोप धाडला की खुशाल पाहिजेच.

मैदानाच्या कडेला आंब्याचं झाड आहे. दोन्ही टीमा त्याच्याच सावलीत कपडे बदलतात. खुशालनं मला डाव्यावर बांधलं. सोडलं. उजव्यावर बांधलं. सोडलं. मग मला मांडीवर घेऊन नुसताच बसला. कॅप्टन नंदलाल धावत आला.

"चलो खुशालभाऊ, सीटी होऊन राहिली."

"मी नाई येत."

"काऊन? दुखते काय?"

"दुखत नाई," खुशाल म्हणाला. "भेव लागते मले."

अकरा वर्षं मी या एका वाक्याची वाट पाहिली होती. नंदलाल आधी हसला, मग त्याचा चेहरा पाहून थांबला.

"सेठले काय सांगू?"

"हेच सांग."

नंदलाल गेला. झाडाच्या बुंध्यापलीकडून कुणीतरी सरकत इकडे आलं. चुन्नीलाल. मान तशीच, केस पिकलेले. त्यानं सगळं ऐकलं होतं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यानं उजव्या गुडघ्यावर ओढून घेतलेला मोजा खाली केला. गुडघा लाल आणि टरटरून सुजलेला.

"दो साल झाले," तो हळूच म्हणाला. "कोनाले सांगतलं नाई. सांगतलं का काढून टाकतीन. तुले नसन लागत तं ते पट्टी मले दे, भाई."

मला वाटलं, खुशाल उठेल आणि जाईल. मीही ठरवलं होतं, या माणसाच्या पायाला लागले तर सुटून पडायचं, धावता धावता त्याच्याच पायात अडकायचं. खुशाल खाली वाकला, दोन्ही मोडके गुडघे दुमडून त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"खरा कोन्ता?" त्यानं विचारलं.

"हाच."

खुशालनं मला स्वतःच्या हातानं बांधलं, ना सैल ना घट्ट. मग उठला आणि सामना न पाहता मुर्रीच्या वाटेनं चालू लागला. थोडा लंगडत, पण स्वतःच्या पायांनी. तो माझ्याकडे वळून पाहील असं वाटलं होतं. त्यानं पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं.

आता मी चुन्नीलालच्या गुडघ्यावर आहे. सुटून पडायचं ठरवलं होतं, ते जमत नाही. आत तीच आग आहे, तेच 'कट्' आहे. धरून ठेवण्यापलीकडे मला काही येत नाही.

शिट्टी झाली आहे. समोरून सेठच्या टीमचा एक तरणा गडी धावत येतोय आणि त्याचे डोळे माझ्यावर आहेत. पोरा, तुला कुणीतरी सांगितलं असेल की जुने खेळाडू बऱ्या पायाला पट्टी बांधून फसवतात, तेव्हा पट्टीवर बूट पडला तरी काही बिघडत नाही. एकदा तसं झालं होतं, ती चूक आमची. पण या वेळी मी खोटी नाही. जिथं मी आहे तिथंच दुखतंय. चेंडू घे, हवा तेवढा घे, फक्त बूट खाली ठेव.

तो अजून येतोच आहे.